मडगार्डावरचा कान

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने जन्मभर लोकांना ‘आ करा’ म्हणून सांगितलं. दातांचा दवाखाना बंद केल्यावर घरात कुणी आ करेना, तेव्हा त्यांनी एक जुनी मोटार आणली. कुणाच्या तरी पडक्या शेडमध्ये ती उभी होती आणि तिच्यात कोंबड्या राहत होत्या. मी खोटं बोलत असेन तर माझी कवळी आत्ता गळून पडो (ती डॉक्टरांनीच बसवलेली आहे, सहजासहजी पडायची नाही), पण पहिल्या दिवशी बॉनेट उघडलं तेव्हा आत एक कोंबडी खुडूक बसली होती, आणि डॉक्टरांनी हाताच्या सवयीने आधी तिचीच चोच उघडून बघितली.

गाडी वयाने माझ्याहून थोडीच लहान. वटारलेल्या डोळ्यांसारखे गोल दिवे, पाठीला बाक, आणि मडगार्डं अशी फुगीर की गालात लाडू कोंबल्यासारखी. असलीच एक गाडी डॉक्टरांकडे तरुणपणी होती. त्यांची लेक जन्मली तेव्हा तिला प्रसूतिगृहातून घरी आणलं ते त्याच गाडीतून. पुढे ती विकावी लागली. आता लेक लांब राहते, क्वचित येते. ती येईल तेव्हा तिला स्टेशनवरून अशाच गाडीतून घरी आणायचं, एवढं एकच खूळ त्यांनी घेतलं होतं.

घराला लागून असलेली कोठीची खोली त्यांनी गॅरेज केली. दाढेमागे घालायचा इवलासा गोल आरसा ते इंजिनाखाली घालायचे आणि दात टोकरायच्या आकडीच्या टोकाने गंज टोकरत म्हणायचे, “गंज म्हणजे कीड हो दादा. वरून दिसते मोहरीएवढी, आत सगळं पोखरलेलं.” मग खरवडून, पुसून, पुट्टी भरून, घासून गुळगुळीत. पोकळी दिसली की भरायची, हा त्यांचा स्वभावच झाला होता. एकदा जेवताना मी जांभई दिली तर माझ्या तोंडाकडे असे बघत राहिले की मी घास न गिळताच ओठ मिटले.

मी रोज सकाळी बहिणीकडे चहाला जायचो आणि ओसरीवरूनच ओरडायचो, “काय म्हणतंय डबडं?” आतून तत्काळ उत्तर यायचं, “दादा, कवळी काढून घेईन!” मग ते गाडीखाली असोत, बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरलेले असोत की तोंडात चार स्क्रू धरलेले असोत. गाडीला कुणी नाव ठेवलं आणि ते गप्प बसले, असं कधी झालं नाही.

रंगाचं काम तेवढं नाठाळ निघालं. ओल्या रंगावर धुळीचा एक कण बसला तरी तो वाळल्यावर फोडासारखा वर येतो. पहिल्यांदा मोरपंखी रंग मारला तेव्हा बहीण चहा घेऊन आत गेली, आणि तिच्या पायातून शेजारणीची मांजरही गेली. मांजर बॉनेटवरून टपावर, टपावरून डिकीवर फेरफटका मारून आली. गाडीवर पावलं उमटली आणि मांजर पोटापासून मोरपंखी झाली. तिला त्या वर्षी झालेल्या पिल्लांतलं एक पिल्लू फिकट हिरवं होतं, असं मी म्हणतो. शेजारीण नाही म्हणते, पण तिला रंग कमी दिसतात.

डॉक्टर त्या दिवशी बहिणीला एक शब्द बोलले नाहीत. तिला तेच लागलं. सगळा रंग घासून काढून पुन्हा अस्तर चढवायला उन्हाळा संपला. दुसऱ्यांदा रंग मारायचा दिवस आला, आणि दुसऱ्याच दिवशी लेक येणार होती.

त्या दिवशी मी गेलो तर बहीण गॅरेजच्या दारापुढे खुर्ची टाकून बसलेली. हातात केरसुणी, पण झाडायला नव्हे.

“दादा, तिथेच थांब. पुढे पाय टाकलास तर बघ.”

“अगं, मी काय मांजर आहे?”

“मांजरीला निदान एक शेपूट असते, कुठून कुठवर आहे ते कळतं. तुझं काय सांगावं! बस तिथे.”

दार दोन फळ्यांचं, जुन्या जाड लाकडाचं. डॉक्टरांनी आतून आडवा दांडा घातला होता. आणि फटी? दवाखान्यातला उरलेला सगळा कापूस त्यांनी सत्कारणी लावला होता. दातांवर उपचार करताना गालात ठेवतात ना, तशा कापसाच्या वळकट्या चौकटीच्या प्रत्येक फटीत चिमट्याने ठासल्या होत्या. उंबऱ्याखाली ओलं फडकं. वरचा झरोका कागद चिकटवून बंद. किल्लीच्या भोकातसुद्धा कापसाचा बोळा. त्या खोलीत आता मुंगीला शिंकायलाही जागा नव्हती.

आत कॉम्प्रेसर घरघरला, स्प्रे फुसफुसला, आणि बऱ्याच वेळाने सगळं शांत झालं. डॉक्टर आतूनच ओरडले, “झाला! आरसा झालाय नुसता! आता मी इथेच बसतो चिमटा घेऊन. चुकून एखादं चिलट बसलं तर उचलायला.”

“जेवायचं काय?” बहिणीने विचारलं.

“रंगाला पोट नसतं. वाळू दे आधी.”

पण हवा दमट होती. रंग वाळेना. थोड्या वेळाने आतून पुन्हा आवाज आला, “ऐकलंत का? इंजिन चालू करतोय. ऊब सुटली की पटकन वाळेल. दार उघडायचं नाही कुणी!”

स्टार्टर खरवडला, आणि इंजिन लागलं. काय सांगू तो आवाज! एखादा पैलवान पोटभर जेवून झोपावा आणि मंद घोरावा, तसा. बहिणीच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. “ऐकलंस? उद्या पोरीला याच आवाजात आणायचं.” मीही मान डोलावली. आम्ही दोघं शहाणी माणसं ते संगीत ऐकत बसलो आणि उद्याच्या गप्पा मारत राहिलो.

मला पहिल्यांदा दिसला तो कापूस.

किल्लीच्या भोकातला तो पांढराशुभ्र बोळा आता पांढरा नव्हता. त्याच्या मधोमध एक करडा ठिपका होता. मी बघत राहिलो तसा तो ठिपका पसरला. करड्याचा काळसर झाला. कीड लागलेली दाढ अशीच दिसते.

पण मी आधी थट्टाच केली. आम्हाला दुसरं काय येतं? ओरडलो, “डॉक्टर, काय म्हणतंय डबडं?”

इंजिन घोरत राहिलं.

“नको बोलूस रे,” बहीण म्हणाली. “चिलट शोधत असतील.”

“डॉक्टर! याच्यापेक्षा कोंबड्यांचं खुराडं बरं होतं!”

काही नाही. मी बहिणीकडे बघितलं. तिचं हसू तोंडावरच राहिलं होतं, पण डोळ्यांतून कधीच निघून गेलं होतं.

“अहो,” ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, “अहो! ऐकलंत का?”

“अगं, या इंजिनाचा धूर कुठे जातोय?” मी विचारलं.

तिची नजर दारावरून फिरली. वरच्या फटीवरून, खालच्या फडक्यावरून, दोन फळ्यांमधल्या कापसाच्या सरळ रेघेवरून. सकाळी यातल्या अर्ध्या वळकट्या तिने स्वतः त्यांच्या हातात दिल्या होत्या. धूळ आत जाऊ नये म्हणून. आत असलेलं बाहेर येऊ नये, याचा विचार कुणीच केला नव्हता.

मी दारावर थापा मारल्या. तोंडाला येईल ते बोललो. भंगार म्हणालो, पत्र्याचं पिंप म्हणालो, कचऱ्याची पेटी म्हणालो. शेवटी म्हणालो, “तुमच्या गाडीत माझी मेलेली आजीसुद्धा बसणार नाही!”

आणि इंजिन थांबलं.

लोक म्हणतात, आतली हवाच संपली होती, म्हणून गुदमरून बंद पडलं. मी म्हणतो, गाडीला माझं बोलणं लागलं. काहीही असो. पण त्यानंतर जी शांतता झाली तशी मी आयुष्यात ऐकली नाही. इतका वेळ घोरणारं निदान काहीतरी जिवंत होतं आत. आता कान लावला तर पत्रा थंड होताना होणारा टिक, टिक असा आवाज. खोकला नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज नाही.

“हातोडा!” मी म्हणालो.

“आत आहे.”

“पहार?”

“दादा, सगळं आत आहे! घरातलं प्रत्येक हत्यार आत आहे!”

झरोका उंच, शिडीही आतच. मी खांदा मारला. दार हललं नाही, माझा खांदा मात्र अजून दुखून पाऊस सांगतो. शेजारणीला हाक मारली की गाडी बोलाव, रुग्णवाहिका बोलाव. आणि वळून बघतो तर बहीण ओसरीच्या कोपऱ्यातलं घोंगडं ओढत होती. त्यात गाडीचा पुढचा बंपर गुंडाळलेला होता. लोखंडाचा, दोन माणसांनी उचलायचा. डॉक्टरांनी तो महिनोन्‌महिने घासून आरशासारखा केला होता. तिलाही तो बोटाने शिवायची परवानगी नव्हती.

“धर,” ती म्हणाली.

मी एक टोक धरलं. त्या चकाकत्या लोखंडात तिचा चेहरा मला लांबलचक, वाकडा झालेला दिसला, तोंड उघडं आणि आवाज नाही. पहिल्या धडकेला दाराची नुसती धूळ झडली. दुसऱ्या धडकेला बंपरला पोचा पडला. तिसऱ्यांदा ती जी धावली त्यात मी नुसता फरफटत गेलो. फळी फुटली, दांडा निसटला, आणि आतून निळसर, कडू धुराची भिंत आमच्या अंगावर आली.

तोंडाला पदर लावून ती शिरली. मागोमाग मी. धुरात गाडी उभी होती, सुंदर, ओली, मोरपंखी. आणि पुढच्या मडगार्डाशी स्टुलावर डॉक्टर बसलेले, चिमटा हातात, गाल कानासकट मडगार्डावर टेकलेला. झोप लागलेल्या पोरासारखे.

आम्ही त्यांना ओढलं तेव्हा गाल रंगातून सुटताना चर्र आवाज झाला. अंगणात आडवे केले. अर्धा चेहरा लालबुंद, अर्धा मोरपंखी. बहीण त्यांचे खांदे गदागदा हलवत होती. “अहो. अहो. अहो.” एवढंच. लग्न झाल्यापासून त्या एका हाकेला त्यांनी ‘हं’ म्हटलं नाही असं झालं नव्हतं. छाती हलत होती की नव्हती, मला सांगता येईना.

मी वाकलो. त्यांच्या रंगलेल्या कानाशी तोंड नेलं. म्हणालो, “डॉक्टर, डबडं आहे हो तुमची गाडी.”

बहिणीने त्यांना हलवणं थांबवलं.

मग ओठ हलले. शब्द आला नाही, नुसता वारा आला. पण तो वारा मला ओळखता आला. तो ‘कवळी’ म्हणत होता.

लेक आली ती स्टेशनवरून रिक्षाने थेट हॉस्पिटलात. डॉक्टर नाकाला नळ्या लावून पडले होते, गालावरचा रंग अजून पुरता उतरला नव्हता. ती रडली, हसली, आणि पुन्हा रडली.

पुढे गाडी रस्त्यावर आली. बंपर वाकडा, रंगावर दाराच्या धुळीचे फोड, आणि पुढच्या मडगार्डावर अख्खा कान उमटलेला, पाळीसकट. बरे होऊन आल्यावर डॉक्टर पॉलिश पेपर घेऊन तो घासायला बसले तर बहिणीने त्यांचा हात धरला.

“बाकी काय वाटेल ते घासा. तो राहू दे. तुम्ही नाही ऐकलंत, तर निदान गाडीला तरी ऐकू येईल.”

गॅरेजला आता दार नाही, चौकटीत नुसतं आभाळ आहे. तरीही इंजिन चालू असलं की ती स्वयंपाकघरातून मधूनमधून हाक मारते, “अहो!” आतून ‘हं’ येतं. एखाद्या वेळी डॉक्टर गाडीखाली असतात, तोंडात स्क्रू असतात, ‘हं’ यायला जरा उशीर होतो. तेवढ्या वेळात मी तिच्याकडे बघत नाही. ती हातातलं सगळं खाली ठेवते, आणि मीही कप तोंडाशी धरून तसाच थांबतो.