चाळीस पोती

१९८३ साल. आमच्या शहराला तेव्हा उजुंग पांडांग म्हणत. मकास्सर हे जुने नाव परत मिळायला अजून सोळा वर्षे होती. मी बेचाळीस वर्षांची होते आणि बंदरालगतच्या एका कंपनीत बेटांवर तांदूळ पाठवण्याचे काम पाहत होते. तांदूळ सरकारचा, बोटी कंपनीच्या, आणि बेटे एकतीस. कुठल्या बेटाला कधी आणि किती पोती जायची, हे एकोणीस वर्षे मीच ठरवत आले होते. भिंतीवर नकाशा, त्यावर लाल-निळ्या टाचण्या, टेबलावर जाड वही. दर सोमवारी सकाळी वायरलेसवर एकेका बेटाचा गोदामवाला शिल्लक सांगायचा आणि मी लिहून घ्यायची.

त्या आवाजांची मला अजून आठवण येते. कोणी शिंकत सांगे, कोणी आधी पावसापाण्याचे विचारी, एकाच्या मागे नेहमी कोंबडा आरवे.

आमच्याकडे तांदळाच्या रांजणाचा तळ कोणाला दिसू देत नाहीत. तांदूळ संपला असे कोणी तोंडाने म्हणत नाही. म्हटले की तो घरावर रुसतो. गोदामांतही तेच चाले. मागच्या भिंतीशी फळ्यांचा एक ओटा असे, त्यावर बरोबर चाळीस पोत्यांची थप्पी बसे. ओट्याची फळी उघडी पडणे म्हणजे गोदामवाल्याची लाज गेली. म्हणून शिल्लक चाळिसाच्या खाली उतरली की तो चाळीसच सांगत राही. तीस असोत, दहा असोत, वहीत चाळीस. नवा माल उतरला की खरा आकडा पुन्हा सुरू. यात चोरी नव्हती. वर कोणी ताळा करून पाहत नसे, आणि मला ताळ्याची गरज नव्हती. लागोपाठ दोन सोमवार चाळीस ऐकले की मी त्या बेटाची पोती चढवायला सांगे. हे मला कोणी शिकवले नव्हते. मीही कोणाला सांगितले नव्हते.

जूनमध्ये बांडुंगहून तातांग नावाचा इंजिनिअर आला. तिशीही न गाठलेला, गोरा, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. वाहतुकीचा अभ्यास करून, सगळी आकडेमोड संगणकावर बसवून, कमी फेऱ्यांत तांदूळ कसा पोचवावा हे तो सांगणार होता. आमचे साहेब पाक लुकितो जावाचे; पाक म्हणजे राव, बू म्हणजे बाई. त्यांनी सगळ्यांसमोर माझी ओळख करून दिली.

"ह्या बू चाया. ह्यांचं सगळं गणित नाकात. वास घेतात नि बोट सोडतात!"

सगळे हसले. तातांगही हसला. "मग आता नाकाला थोडी सुट्टी देऊ या," तो म्हणाला.

तो वाईट मनाने बोलला नव्हता, हे मला आज कळते. त्या दिवशी कळले नाही. एकोणीस वर्षांत माझ्यामुळे एकही बेट उपाशी राहिले नव्हते, आणि माझे नाव निघाले ते नाकावरून.

त्याने मात्र मन लावून काम केले. माझ्या सात वर्षांच्या वह्या उतरवून घेतल्या. धक्क्यावर उन्हात उभा राहून पोती उतरायला किती मिनिटे लागतात ते घड्याळात पाहिले. बोटींचे तेल, वाऱ्याचे महिने, माणशी तांदूळ, सगळे मांडले. ऑगस्टमध्ये एका दुपारी तो माझ्या टेबलाशी वही घेऊन आला. मी केळीच्या पानात वाफवलेला गोड बारोंको खात होते. अर्धा त्याला दिला.

"बू चाया, मला तामालोंगचं काही कळत नाही," तो म्हणाला. "सलग तीन सोमवार चाळीस. मग आपण साठ पाठवली. पुढच्या सोमवारी शंभर हवीत ना? वहीत अठ्ठ्याहत्तर! बावीस गेली कुठे?"

तामालोंग हे दोन दिवसांच्या वाटेवरचे, सर्वांत लांबचे बेट. तिथला गोदामवाला दाएंग नोम्पो माझा सख्खा थोरला भाऊ. आईवडिलांमागे त्यानेच मला वाढवले, शहरात शाळेला पाठवले. आता या परक्या पोराला मी काय सांगणार होते? की माझा भाऊ वहीत खोटे आकडे देतो?

"उंदीर," मी म्हटले. "आणि ओल. खालची पोती सडतात."

"बावीस पोती?"

"आमच्याकडचे उंदीर तुम्ही पाहिले नाहीत, पाक. मांजरं त्यांना वाट देतात."

तो हसला आणि त्याने ते लिहून घेतले. त्याला खरे सांगायला तोच क्षण होता. भावाची अब्रू राखली असे मी स्वतःला समजावले. पण आत आणखी एक गोष्ट होती: फसू दे याचा संगणक, मग कळेल नाक म्हणजे काय.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याने बैठकीत फळ्यावर सगळे मांडून दाखवले. मांडणी सुरेख होती. एकतीस बेटांपैकी नऊ बेटांच्या गोदामांत तळाची चाळीस पोती वर्षानुवर्षे पडून राहतात आणि सडतात, असे त्याने वह्यांवरून सिद्ध केले होते.

"ही पोती झोपली आहेत," तो म्हणाला. "त्यांना उठवा. आधी तीच खाऊ द्या. तामालोंगला आठवड्याला सहा लागतात, म्हणजे चाळीस साडेसहा आठवडे पुरतात. पश्चिमेचा वारा सुरू व्हायच्या आधीची फेरी वाचली. अशा नऊ फेऱ्या, नऊ फेऱ्यांचं तेल."

पाक लुकितोंनी टेबलावर थाप मारली. "वा! बू चाया, तुमचं काही म्हणणं?"

माझ्या तोंडात शब्द होते. पण त्याच बैठकीत, चहा यायच्या आधी, फेब्रुवारीपासून मी दप्तरखान्यात बसायचे असे ठरून गेले होते.

"माझं कसलं म्हणणं?" मी म्हटले. "नाकाला सुट्टी आहे ना?"

पुन्हा सगळे हसले.

मी मनात ठरवले होते, वाऱ्याने समुद्र बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या बोटीत तामालोंगची पोती गुपचूप चढवून देऊ. पण डिसेंबरपासून माल चढवायच्या चिठ्ठ्या संगणकातून निघू लागल्या, साहेबांच्या सहीने. माझ्या टाचण्यांना कोणी विचारीना.

पाच डिसेंबरच्या सोमवारी दाएंग वायरलेसवर आला. वायरलेसच्या त्या एकाच लाटेवर सगळी बेटे ऐकत असत.

"तामालोंग. चाळीस."

चाळीसचा सातवा सोमवार होता. मी म्हटले, "दाएंग, नीट मोजलीत ना?"

"मोजली की. चाळीस."

"यंदा वाऱ्याआधी बोट नाही यायची. कागदावर तसं आलंय. ऐकलंत? येणार नाही."

मग तो म्हणाला, "बरं. तुझ्या नवऱ्याचा गुडघा कसा आहे?"

"गुडघ्याचं राहू द्या! दाएंग, मी विचारतेय, किती आहेत?"

"चाया, सगळे ऐकताहेत," तो हळू म्हणाला. आणि मग, जणू हवापाण्याची गोष्ट सांगावी तसे, "आज ओटा धुवून काढला. छान ऊन पडलंय फळ्यांवर."

थप्पी असताना ओटा कोणी धुवत नाही. गोदामात एकही पोते उरले नव्हते, आणि माझ्या भावाने आयुष्यात यापेक्षा उघड काही सांगितले नसते.

मी तशीच पाक लुकितोंच्या खोलीत गेले आणि एका दमात सगळे सांगून टाकले. त्यांनी पेन खाली ठेवले.

"म्हणजे वही खोटी?"

"खोटी नाही, पाक. आमची पद्धत आहे."

"बू चाया, सरकारपुढे पद्धत चालत नाही. सरकारपुढे आकडा चालतो. वहीत चाळीस आहेत. मी बोट सोडली आणि तिथे चाळीस निघाली तर? जागा गेली म्हणून बाईंनी इंजिनिअरचं काम मोडलं, असं म्हणतील लोक." त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "लिहून द्या. गोदामवाला खोटी शिल्लक कळवतो, एवढंच. सही करा. उद्या बोट सोडतो."

मी कागद घेऊन बाहेर आले. दोन ओळींचे काम. दोन दिवस तो कागद माझ्या टेबलाच्या खणात पडून होता. खण उघडावा, शाई भरावी, दाएंगचे नाव लिहावे, आणि हात थांबावा. लहानपणी माशाचा मधला तुकडा मला देऊन स्वतः डोके चोखत बसणारा माझा भाऊ. त्याला मी खोटारडा लिहून सही करायची.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, लिहिले. दुपारपर्यंत साठ पोती चढली. चार वाजता बंदराच्या अधिकाऱ्याने वाऱ्याचा बावटा चढवला. लहान बोटींना बंदी. यंदा वारा आठवडाभर लवकर आला होता. बुधवारी सकाळी एक बोट त्याच वाटेने सुखरूप गेली होती, हे मी बंदराच्या फळ्यावर वाचले.

बंदी सत्तेचाळीस दिवस राहिली.

बाकीच्या आठ बेटांना शेजारच्या बेटांनी होड्यांतून थोडे थोडे पोचवले. तामालोंगला शेजार नाही. मासेमारी बंद, रताळी-कसावा महिन्याभरात संपले. मग लोकांनी रानातला गाडुंग खणला. त्या कंदाचे काप तीन-चार दिवस खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवावे लागतात, तरच विष उतरते. भुकेल्या पोरांना चार दिवस कसे थांबवणार? पाच माणसे गेली. त्यांत तीन लहान मुले, एक म्हातारा, आणि माझी वहिनी. ती आधी स्वतः चाखून पाहत होती, म्हणून.

आणि या सत्तेचाळीस दिवसांत दर सोमवारी वायरलेसवर दाएंगचा आवाज येत होता. "तामालोंग. चाळीस." वहिनीला पुरले त्याच्या दुसऱ्या दिवशी सोमवारच होता. मी लिहून घेतले. चाळीस.

जानेवारीच्या शेवटी बोट पोचली, तिच्यामागून चौकशीही. वहीत चाळीस, गोदामात शून्य, माणसे मेलेली. मग पोती विकली कोणी? दाएंग एक शब्द बोलला नाही. चोरीला पुरावा मिळाला नाही. पण खोटी शिल्लक कळवल्याचा पुरावा मिळाला, लेखी, सहीसह. माझा कागद. मी त्यांना ओट्याचे, रांजणाचे सांगायला गेले, तेव्हा चौकशीवाला माणूस सौम्यपणे म्हणाला, "बू, हे सगळं तुम्हाला ठाऊक होतं, तर ऑगस्टमध्ये उंदीर कुठून आले?" तातांगच्या टिपणांत तेही होते, तारखेसकट.

तातांग बांडुंगला परत जायच्या आधी मला भेटायला दप्तरखान्यात आला. चष्म्याचा दोरा तसाच. उभाच राहिला.

"बू, मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"का नाही सांगितलंत?"

"तुम्ही हसला होतात," मी म्हटले. पाच माणसांच्या मानाने ते कारण किती लहान होते, हे बोलल्यावर ऐकू आले.

पाक लुकितोंना त्या वर्षी फेऱ्या कमी केल्याबद्दल मानपत्र मिळाले. दोन वर्षांनी ते जकार्ताला मोठ्या हुद्द्यावर गेले आणि तिथेच, नातवंडांत, वारले. तातांग प्राध्यापक झाला. १९९६ साली त्याने मला त्याचे पुस्तक पाठवले. त्यात मला एक ओळ सापडली: शिल्लक कळवणारा माणूस शून्य कसे सांगतो, हे आधी शोधावे. तामालोंगचे नाव नव्हते, माझे नव्हते, त्याचेही नव्हते. पुढे त्या कंपनीत त्याचीच पद्धत चालू राहिली, आणि खरे सांगायचे तर चांगली चालली. माझ्या टाचण्या कोणी टाकून दिल्या कोण जाणे. मी दप्तरखान्यात अकरा वर्षे काढली आणि निवृत्त झाले. नवरा नंतर लवकरच गेला.

दाएंगने आठ महिने तुरुंगात काढले. सुटल्यावर तामालोंगला गेला नाही. तिथे त्याला कोणी हाकलले नसते, पण गेला नाही. माझ्याकडेच राहिला, मरेपर्यंत सात वर्षे. त्या कागदाबद्दल त्याने मला कधी विचारले नाही. दुपारी दोघे जेवायला बसत असू. त्याच्या ताटात भाताचे शीतही उरलेले नसे. मी विचारी, "दाएंग, भात वाढू?"

रिकाम्या ताटावर हात धरून तो म्हणे, "आहे की. पुष्कळ आहे."