ठेंगणीचं ऑइल

ऑइलवरून माझ्याशी कुणी वाद घालू नये. तीस वर्षं गॅरेजात काढली मी, आणि लोक येतात कुठंतरी दोन ओळी वाचून मला शिकवायला. पण सगळ्यांत जास्त डोकं खाल्लं ते माझ्या सख्ख्या मोठ्या भावानं.

दादाच्या गाडीला आम्ही ठेंगणी म्हणायचो. चाळीस वर्षांची, दोन दारांची, इतकीशी की मागे बसलं तर गुडघे हनुवटीला लागायचे. लग्नाच्या वर्षी घेतलेली, आणि तेव्हापासून तिच्यात एकच ऑइल, वीस-पन्नास, मधासारखं जाड. दर रविवारी दादा ऑइल मोजायची पट्टी काढून बघायचा आणि कपभर कमी दिसलं की भरायचा. गाडी धूर सोडायची, गळायची, पण थांबायची नाही.

"दादा, जग कुठल्या कुठं गेलं," मी म्हणायचो.

"जाऊ दे की. तिला सवय आहे याची," तो म्हणायचा. "तू तुझ्या नव्या गाड्या सांभाळ."

तोवर सगळी थट्टाच होती. मग वहिनीच्या किडन्या गेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी घाट चढून पलीकडच्या शहरात डायलिसिसला जायचं. बस तिला झेपत नव्हती, आणि दुसऱ्याच्या गाडीत ओकारी होईल म्हणून ती लाजायची. म्हणजे ठेंगणी बंद पडून चालणारच नव्हतं.

वहिनी घरात आली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आई नव्हती आम्हाला. मला वाढवलं ते तिनं. तिच्यासाठी काहीतरी करायचंच, असं माझ्या मनानं घेतलं, आणि एका सोमवारी मी गाडी जवळजवळ हिसकावूनच आणली. जुनं ऑइल काढलं, औषध घालून इंजिन आतून धुतलं आणि बाजारातलं सर्वांत भारी, पाण्यासारखं पातळ ऑइल भरलं. गिऱ्हाइकाच्या इतक्या जुन्या इंजिनात मी ते औषध घातलं नसतं. घातलंच असतं, तर खालचं चेंबर उतरवून ऑइल ओढणारी जाळी साफ केली असती. पण दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, आणि मला दादाला दाखवून द्यायचं होतं.

"एवढं पातळ?" दादा म्हणाला.

"पातळच लागतं. ऑइलचा लाल दिवा जरा लुकलुकेल, घाबरून थांबत बसू नकोस. आणि यात दुसरं काही ओतू नकोस, कळलं?"

दोन आठवडे ठेंगणी मांजरासारखी गुरगुरत पळाली. "तुझ्या ऑइलनं आता कमरेला धक्केसुद्धा बसत नाहीत रे," वहिनी म्हणाली. ऑइलचा आणि धक्क्यांचा काय संबंध! पण मी चढलो हरभऱ्याच्या झाडावर.

पुढच्या मंगळवारी घाटात लाल दिवा लागला. दादा थांबला नाही. दहा मिनिटांत इंजिन खाडकन जाम झालं. फोनला रेंज नव्हती. दोन तासांनी एक टेम्पो थांबला. शुक्रवारपासूनचं चार दिवसांचं पाणी वहिनीच्या अंगात साठलं होतं, ते छातीत चढलं. मशीनला लावायच्या आधीच ती गेली.

पंधरा दिवसांनी मी चेंबर उतरवलं. आत ऑइल होतं, भरपूर होतं. पण जाळी काळ्या गाळानं अशी लिंपलेली की सुई जाणार नाही. चाळीस वर्षांचा मळ माझ्या औषधानं सोडवला आणि तिथं नेऊन बसवला.

दारात चाहूल लागली. दादा आला होता. मी जाळी फडक्यात गुंडाळली.

"चिडू नकोस," तो स्टुलावर बसत म्हणाला. "तुला न सांगता मी दोनदा माझं जुनं ऑइल त्यात ओतलं होतं. पट्टीवर कमी दिसलं, मला राहवलं नाही. तू बजावलं होतंस तरी." त्यानं उघड्या इंजिनाकडे पाहिलं. "त्यानंच झालं ना रे? मीच मारलं ना तिला?"

कपभर जाड ऑइलनं इंजिनाचं काही बिघडत नाही. हे मी झोपेतही सांगेन. फक्त फडकं उलगडायचं होतं.

"मिसळलं की होतं असं कधीकधी," मी म्हणालो.

दादानं मान हलवली. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," तो म्हणाला. "तो शहाणा मीच." बराच वेळ तो ठेंगणीच्या पत्र्यावरून हात फिरवत राहिला. "दुरुस्त कर तिला. तुझ्या वहिनीची आठवण म्हणून ठेवीन. आता तू सांगशील तेच ऑइल घालेन, शब्दाबाहेर जाणार नाही. कुठलं घालू?"

"वीस-पन्नास," मी म्हणालो. तीस वर्षांची सवय, विचार करायच्या आत तोंडातून बरोबर उत्तर निघून गेलं.

दादाचा हात पत्र्यावर थांबला.

"मग तेव्हा का नाही घातलंस?" त्यानं विचारलं.

मी फडकं घट्ट धरून उभा राहिलो. त्यातून काळं ऑइल माझ्या बोटांवर गळत होतं, आणि दादा तिकडेच बघत होता.