अर्थाचा रकाना

दात पिवळा होता. साधा पिवळा नव्हे, चहात बुडवून काढल्यासारखा. आणि तिच्या तळहातावर पालथा पडून तो असा चमकत होता, की आपलं काही चुकलंय हे त्याच्या गावीही नसावं. वरचा, समोरचा, डावीकडचा... म्हणजे हसताना सगळ्यांत आधी दिसणारा. तिने तो खिडकीजवळ नेला, मग ट्यूबखाली, मग पुन्हा खिडकीजवळ. दंतवैद्याच्या चिठ्ठीवर लिहिलेली छटा आणि हा दात यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता, आणि हे कळायला बावीस वर्षांचा अनुभव लागत नव्हता; रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही वर बोलावून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं.

"या आठवड्यातला तिसरा," पॅकिंगच्या बाई दारातूनच म्हणाल्या. लॅबमध्ये तयार झालेले कृत्रिम दात डब्यांत घालून दंतवैद्यांकडे पाठवणं आणि परत आलेले उघडणं, दोन्ही त्यांच्याकडे. "आधीचे दोन मालकांनी ठेवून घेतले. म्हणाले, आता आला की ताईंना द्या."

"कुणाच्या हातचा?"

बाईंनी तोंडाने सांगितलं नाही. डब्यावरची चिठ्ठी तिच्यापुढे धरली. टेबल नंबर एक.

टेबल नंबर एक म्हणजे भट्टीकाका. तिने चिठ्ठी दोनदा वाचली, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर एकाचे चार होतील. भट्टीकाकांचा दात रंगावरून परत आलेला या लॅबमध्ये कुणी पाहिला नव्हता. माप चुकून आला असेल, तडा जाऊन आला असेल, पण रंग... भट्टीच्या शेजारी एकतीस वर्षं बसून त्या माणसाने पावडरीच्या बाटलीवरचा छटेचा नंबर कधी वाचला नव्हता. नंबर नव्या लोकांसाठी, असं तो म्हणायचा. काचेवर पावडर घ्यायची, ब्रशच्या टोकाने चिमूटभर दुसरी, नखाएवढी तिसरी, डोळे बारीक करायचे, आणि भट्टीतून निघालेला दात शेजारच्या खऱ्या दाताचा जुळा भाऊ. ती विसाव्या वर्षी इथे आली तेव्हा त्यानेच तिच्या हातात दोन दात ठेवून विचारलं होतं, यातला म्हातारा कोणता? तिने चुकीचा दाखवला होता. तो हसला नव्हता. "बघ पोरी, परत बघ," एवढंच म्हणाला होता, आणि ती पुढे वर्षभर बघत राहिली होती.

मालकांचा फोन अकराला आला. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, तेच जड जायचं. माणसं सांभाळायलाच तुम्हाला त्या खुर्चीत बसवलंय, ते म्हणाले. कुणाचा हात बिघडलाय ते बघा. हात बिघडला असेल तर माणूस बदलावा लागेल, वय बघून थांबता येत नाही. पाचला फोन करतो.

माणसं सांभाळायला. खरंच, त्याचसाठी तर ती दीड वर्षापूर्वी इतकी धडपडली होती. लॅबच्या देखरेखीची खुर्ची मिळाली त्या दिवसापासून, कालपर्यंत एका डब्यात जेवणारी माणसं तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागली. मेणाचे साचे करणारी मुलगी रोज अर्धा तास उशिरा यायची आणि वर तोंड करून हसायची. पॉलिशवाला रागावला की मुद्दाम मशीन मोठ्याने चालवायचा. ती ओरडून बघायची, गोड बोलून बघायची, शेवटी घरी जाऊन नवऱ्यावर चिडायची. मग कुठल्याशा वर्तमानपत्रात घरबसल्या करायच्या अभ्यासक्रमाची जाहिरात दिसली — मानसशास्त्राची ओळख, कामाच्या ठिकाणी माणसं समजून घेण्यासाठी. आठ पुस्तिका, चार प्रकल्प. चाळिशी उलटल्यावर हे काय खूळ, असं नवरा म्हणाला नाही, पण जेवताना भाजी छान झालीय म्हटलं की लगेच विचारायचा, "हे मी आपणहून म्हणालो की तू म्हणायला लावलंस?"

आणि पुस्तिका खोट्या नव्हत्या, हे तर मान्यच करायला हवं. त्यात लिहिल्याप्रमाणे तिने उशिराबद्दल बोलणं सोडलं, आणि मेणाची मुलगी वेळेवर आली की कधी कौतुक, कधी नुसती मान, कधी काहीच नाही, असं सुरू केलं. महिन्यात मुलगी सर्वांच्या आधी येऊन दार उघडायची वाट बघत उभी. तिला स्वतःच्याच हाताची भीती वाटावी इतकं ते सोपं होतं. भीती वाटली का पण? नाही. मजा वाटली.

मग तिसरा प्रकल्प आला. एका व्यक्तीची एक त्रासदायक सवय निवडा. आठवडाभर मोजा. मग त्या सवयीला मिळणारं बक्षीस काढून घ्या आणि काय होतं ते नोंदवा. बक्षीस मिळेनासं झालं की सवय हळूहळू विझते. पुस्तिकेत याला विलोपन म्हटलं होतं.

व्यक्ती निवडायला तिला एक मिनिटही लागलं नाही. भट्टीकाका दिवसातून सहा-सहा वेळा तिच्या केबिनच्या दारात यायचे, तळहातावर दात घेऊन. बघ जरा. हा कसा दिसतो. आणि ती हातातलं काम टाकून बघायची, म्हणायची, छान आहे काका. आणि ते जायचे, आणि तासाभरात पुन्हा हजर. बाकीचे माना वळवून बघत. तिच्या मनात यायचं, हा माणूस मला सगळ्यांसमोर दाखवून देतोय. ज्याला काही विचारायची गरज नाही तो विचारतोय, म्हणजे खुर्चीत बसलीस तरी शिकवलं मीच, याची आठवण करून देतोय. वरची जागा त्यांना न देता तिला दिली होती, हे ती एक दिवसही विसरली नव्हती. पुस्तिकेत एक ओळ होती — सवय मोडण्याआधी ती कशासाठी आहे हे शोधा — आणि खाली चार ओळींची मोकळी जागा. तिने एकच शब्द लिहिला होता. लक्ष.

मग तिने बघणं बंद केलं. ते आले की ती कागदावरून मान वर करायची नाही. "हं," म्हणायची, नंतर तेही नाही. पहिल्या आठवड्यात ते जास्तच वेळा आले — पुस्तिकेत तसं होईल म्हणून लिहिलंच होतं, त्यामुळे तिला आनंदच झाला. मग चार. मग दोन. मग एक दिवस शून्य, आणि दुसऱ्या दिवशी शून्य, आणि आलेखाची रेघ अशी सुरेख उतरली की तिने ती दोन रंगांच्या पेनांनी काढली. त्याच सुमारास ते तिला पोरी म्हणायचे थांबले आणि मॅडम म्हणायला लागले. तिने नोंदलं होतं: आदरात वाढ.

आजच्या टपालात तो प्रकल्प तपासून आला होता. वीसपैकी अठरा. लाल शाईत: निरीक्षण अत्यंत नेमके, व्यक्तीचे शब्द जसेच्या तसे टिपले आहेत, अभिनंदन. दोन गुण का कापले ते लिहिलं नव्हतं, आणि सकाळी तिला त्याचीच हुरहूर लागली होती, त्या दोन गुणांची.

दुपारी सगळे जेवायला बसल्यावर तिने केबिनचं दार लोटलं आणि नोंदवही उघडली. पाचला मालकांना काहीतरी सांगायचं होतं. केव्हापासून हात बिघडला एवढं तरी कळेल, असा तिचा साधा हिशेब. वहीत चार रकाने. वेळ, शब्द, अर्थ, मी काय केलं. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत दुर्लक्ष, दुर्लक्ष, तेही पुढे पुढे कंटाळून नुसतं दु. ती वाचत होती आणि तिला काहीच सापडत नव्हतं, कारण नजर सवयीने तिसऱ्या रकान्यावरच जात होती, स्वतःच्या अक्षरावर आणि स्वतःच्या हुशारीवर. मग पानावर पट्टी पडली. मुद्दाम नव्हे, नुसती बाजूला ठेवताना पडली, आणि अर्थाचा रकाना झाकला गेला.

सकाळी दहा वीस: ही ट्यूब जुनी झाली का गं?

अकरा पाच: या खेपेची पावडर पिवळट आलीय का?

बारा चाळीस: खिडकीच्या काचा धुतल्याच नाहीत का कुणी?

दोन पंधरा: तुला हे दोन्ही सारखे दिसतात?

तीन दहा: तुझ्या डोळ्यांनी बघ ना एकदा.

तिने पट्टी उचलली नाही. पान उलटलं, पट्टी तिथे नेली. हा पिवळ्याकडे जातोय की राखाडीकडे, एवढंच सांग. आज ढगाळ आहे का? कालच्यापेक्षा उजळ झालाय ना? बघून सांग, मला घाई नाही... एकदाही, चार आठवड्यांत एकदाही, चांगला झालाय का असं त्या माणसाने विचारलं नव्हतं. कौतुक मागितलंच नव्हतं. तो डोळे मागत होता. दारात उभं राहून, तळहात पुढे करून, दिवसातून सहा वेळा, उसने डोळे मागत होता, आणि ते सगळं तिने आपल्या हाताने, तारीखवार, वेळ घालून लिहून ठेवलं होतं.

आणि शेजारी काय लिहिलं होतं? तिने पट्टी काढली. तक्रारीच्या आडून लक्ष वेधणे. तक्रार. वरिष्ठ असल्याचा आव. टोमणा. तुझ्या डोळ्यांनी बघ, याच्यापुढे टोमणा. मी हे लिहिलं? माझंच अक्षर आहे, वेलांट्या माझ्याच... मी हे लिहिताना काय बघत होते? माझ्या आईला मोतीबिंदू झाला तेव्हा ती पांढऱ्या चादरींना पिवळ्या म्हणायची, आणि शस्त्रक्रियेनंतर दोन दिवस नुसती भिंतीकडे बघून हसत होती, इतकी पांढरी दिसली तिला ती. मला ठाऊक होतं. मला हे ठाऊक होतं! कुणी परका असता तर मी क्षणात ओळखलं असतं.

शेवटची नोंद सतरा तारखेची. ते दारात आले होते, ती बिलावर सही करत होती, मुद्दाम सावकाश. ते थोडा वेळ उभे राहिले. दुसऱ्या रकान्यात त्यांचे शब्द: राहू दे. तिसऱ्यात: वर्तन मावळू लागले.

बाहेर कुणीतरी डबा धूत होतं, पॉलिशवाला काहीतरी सांगून सगळ्यांना हसवत होता, आणि त्या हसण्यात भट्टीकाकांचा आवाज नव्हता. कधीपासून नव्हता? तिने ते मोजलं नव्हतं. एक सवय निवडा, एवढंच पुस्तिकेत म्हटलं होतं.

पावणेपाचला ती उठली. टेबल एकपर्यंत चौदा पावलं असतील, पण तेवढ्यात तिने किती वाक्यं तयार केली आणि किती टाकली. काका, तुमचं काम नेहमीच सुंदर असतं, पण — नाही, ही दुसरी पुस्तिका, आधी कौतुक मग सूचना. काका, मला तुमची काळजी वाटते — ही चौथी. आवाज खाली, खांदे सैल, समोरच्याच्या पातळीवर बसावं — आणि ती स्टूल ओढून त्यांच्या पातळीवर बसलीसुद्धा, आणि बसल्यावर तिला कळलं की हेही तिथलंच. कुठे वाचलेली नाही अशी साधी माफीसुद्धा तिच्याकडे शिल्लक नव्हती.

भट्टीकाका काचेवर पावडर कालवत होते. नाक काचेला लागेल इतके वाकून. दिवा त्यांनी जवळ ओढला होता, अगदी गालापाशी.

"काही हवंय का मॅडम?"

"काका," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं विसरली. "काका, तुम्हाला दिसत नाहीये का?"

ब्रश थांबला. त्यांनी मान वर केली नाही, पण डावा हात हळूच सरकला आणि समोरच्या तीन ताज्या दातांवर जाऊन बसला, झाकून. मग ते हसले. नव्या माणसाने पहिल्या दिवशी हसावं तसं, जास्त आणि घाईघाईने.

"डोळे एकदम छान आहेत मॅडम. कुणी काही सांगितलं का?"

"तसं नाही. डॉक्टरांना दाखवलं तर... साधी शस्त्रक्रिया असते. माझ्या आईची..."

"नाही, नाही. सुरुवातीला जरा गडबड होत होती, कबूल करतो. मी सारखा येत होतो तुमच्याकडे. पण तुम्ही समजून घेतलंत. कुणाला काही बोलला नाहीत, वर कळवलं नाहीत, फक्त गप्प राहून मला सावध केलंत. दुसऱ्या कुणी केलं नसतं एवढं." आता त्यांनी तिच्याकडे पाहिलं. नजर तिच्या चेहऱ्यावर, पण थोडी बाजूला, कानाजवळ कुठेतरी. "आणि बघा, आता महिना झाला. एकदा तरी आलो का विचारायला? एकदा तरी?"

ते उत्तराची वाट बघत होते. पुराव्यासारखा तो महिना त्यांनी तिच्यापुढे ठेवला होता, आणि त्यांच्या आवाजात भीतीपेक्षाही भयंकर असं काहीतरी होतं, अभिमान होता. केबिनमध्ये फोन वाजायला लागला. पाच वाजायला अजून दहा मिनिटं होती, मालक कधी लवकर फोन करत नसत. काकांनीही तो ऐकला. हात दातांवरून हलला नाही.

नाही, काका, नाही आलात, असं म्हणावं की ओरडून रडावं, हे तिला कळेना. एक सेकंद गेला, दोन गेले, आणि समोरचा माणूस मान किंचित कलती करून तिची ही शांतता ऐकू लागला. तो त्या शांततेचाही अर्थ लावत होता, हे तिला स्पष्ट दिसत होतं.