शिडाची सैल कड

दोन स्टुलांवर डोलकाठी आडवी ठेवून वर्षा मॅडमनं तिच्या मधोमध वाळूची बादली लटकवली आणि काठी किती वाकली ते ती पट्टीनं मोजू लागली, तेव्हा धावजीला हसू आवरेना. वणीच्या कोळशाच्या ट्रकांना ताडपत्र्या शिवण्यात त्याची पस्तीस वर्षं गेली होती. काठी सरळ उभी राहिली की झालं, एवढं साधं या शिकलेल्यांना कळू नये याची त्याला कीव आली.

शिडावर पळणाऱ्या तीनचाकी गाड्यांचं खूळ इंजिनिअरिंग कॉलेजात तिथं शिकवणाऱ्या वर्षानंच आणलं होतं. समुद्रावर फळीवर उभं राहून खेळतात त्या खेळाची जुनी शिडं आणि डोलकाठ्या तिनं गोव्याहून मागवल्या. त्यातलं कुठलंच कशाच्या जोडीचं नव्हतं. काठीचा बाक शिडाच्या पुढच्या कडेच्या बाकाशी जुळला पाहिजे, हे ती दिवसभर ज्याला त्याला ऐकवत होती. धावजीला बोलावलं होतं ते फाटकं शिवायला.

तिसऱ्या काठीवर शीड बसलं. खालचा दोर ओढताच एक सुरकुती राहिली नाही, पण वरची मागची कड मात्र सैल पडून फडफडू लागली.

"मॅडम, हे वरून लोंबून राह्यलं," धावजी म्हणाला.

"तसंच पाहिजे काका. झोत आला का जास्तीचा वारा तिथून निघून जाते."

बरं, म्हणून तो दाभणात दोरा ओवू लागला. फडफडणारी कड म्हणजे शिवणाऱ्याच्या तोंडाला काळं. शीड उतरवून त्याच्या हवाली करून वर्षा जेवायला गेली, तशी त्यानं भोकं शिवून झाल्यावर त्या कडेलाही चिमटी घेतली आणि दाभणानं आवळून टाकली.

दुसऱ्या दिवशी सुकलेल्या तलावात गाडी बघायला येणाऱ्या प्राचार्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. ते लवकर आले, म्हणून शीड घाईत चढवलं गेलं आणि चिमटी कोणाच्या लक्षात आली नाही. वर्षा स्वतःच गाडीत बसली. गाडी शंभर पावलं गेली असेल नसेल, वाऱ्याचा झोत आला, एक चाक उचललं गेलं आणि गाडी आडवी झाली. वर्षाचं कोपर सोलून निघालं.

"बादल्या लटकवून इंजिनिअरिंग होत नसतं मॅडम. आजपासून हे बंद," प्राचार्य सगळ्यांदेखत म्हणाले.

काठी जुळवण्यात माझंच चुकलं असेल, असं म्हणून ती खालमानेनं दोर सोडू लागली. धावजीला आधी बरं वाटलं. मग त्याला आठवलं, झोत आला तेव्हा शीड फळीसारखं ताठ उभं होतं. वाऱ्याला निघून जायला जागाच नव्हती, ती त्यानंच बुजवली होती. त्याला स्वतःची शिसारी आली.

तो पुढे झाला. "काठी बरोबर हाये साहेब. वरची कड म्या आवळली. मॅडमले न इचारता."

प्राचार्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आणखी एकदा बघू, म्हणून ते खुर्चीवर बसले. धावजी भेगाळलेल्या मातीत बसला आणि ब्लेडनं एकेक टाका कापू लागला. कोणी घाई केली नाही.

शीड पुन्हा चढवून वर्षा गाडीत बसली. या खेपेला झोत आला तशी वरची कड फडफडली, त्याच्या डोळ्यांना ते सोसवेना, आणि गाडी सरळ पलीकडच्या काठाला जाऊन थांबली. टाळ्या पडल्या. प्राचार्य मोठ्या मनानं धावजीकडे वळले आणि म्हणाले, शेवटी तुमचीच शिवण कामी आली.

धावजीनं पायजम्यावरचे दोऱ्याचे तुकडे झटकले.

"शिवण नाही साहेब," तो म्हणाला. "म्या फक्त उसवलं."