सायकलचं कोळपं

रंगनाथनं आयुष्यात पुष्कळ गोष्टी मोजल्या होत्या, पण आईला मोजायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

ओझरच्या विमानांच्या कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता. केसाएवढा फरकही त्याच्या नजरेतून सुटत नसे, आणि सुटत नाही याचा त्याला थोडा गर्वही होता. एकोणीसशे ब्याऐंशीच्या आषाढात, एका रविवारी, सिन्नरच्या पलीकडं निमवाडीला धोंडीराम नानांच्या भुईमुगाच्या बांधावर तो टेप घेऊन उभा होता आणि त्याची आई नवसाबाई त्याच्यापुढं हात कोपरात वाकवून उभी होती. जमिनीपासून कोपरापर्यंत किती, खांद्यापर्यंत किती, मूठ आवळल्यावर तिचा घेर किती, असं एकेक तो वहीत उतरवत होता.

"शिंपी बी एवढी मापं घेत नाय," फुलाबाई म्हणाली. ती नवसाबाईची शेजारीण. "झंपर शिवतो का काय आईला?"

बाकीच्या बाया हसल्या. निंदणीच्या त्या टोळीत एकूण सातजणी होत्या, सगळ्या एकाच वस्तीतल्या. नवसाबाई त्यांत थोरली.

गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती, हे खरं तर सातहीजणींना ठाऊक होतं. निंदायला बसलं की प्रत्येकीनं आपली एक पात धरायची, म्हणजे शेताचा एक लांब पट्टा, आणि उकिडवं बसून, खुरप्यानं तण काढत सगळ्यांनी बरोबरीनं पुढं सरकायचं. नवसाबाईचे गुडघे दोन वर्षांपासून सुजत होते. तिची पात मागं पडायची. मग उजव्या अंगाला बसलेली फुलाबाई काही न बोलता नवसाबाईच्या पातीतलं हातभर रान आपल्याकडं ओढून घ्यायची. नाना बांधावरून हे बघत असत. एक दिवस ते गोड आवाजात म्हणाले होते, "नवसाबाई, पुढल्या साली तब्येत बघूनच या बरं का." नाना माणूस वाईट नव्हते. त्यांचं नाही म्हणणं नेहमी असंच तुपात घोळवलेलं असायचं.

रंगनाथनं आईला ओझरला चल म्हणून सांगून पाहिलं होतं. क्वार्टरमध्ये नळ होता, वीज होती, सून तर हौसेनं बोलावत होती.

"तिथं दाराला कडी घालून बसू व्हय?" नवसाबाई म्हणाली होती. "हाताला काम आन् जोडीला बाया, एवढं हाय तवर मी हाय. ते सुटलं का मग ने मला कुठं बी."

म्हणजे आईला वाचवायचं तर तिचं काम वाचवायला हवं होतं. इथवर त्याचं गणित अगदी बरोबर होतं.

पुढचे तीन रविवार त्यानं घालवले. नाशिकला द्वारका चौकाजवळच्या भंगारवाल्याकडून मोडकी सायकल आणली. तिचं पुढचं चाक आणि चिमटा ठेवला. मागं ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा तुकडा तापवून, ठोकून, धार लावून पातं बसवलं. चाकामागून वर येणाऱ्या दोन दांड्या बरोबर आईच्या कोपराला येतील अशा कापल्या. मुठींवर ट्यूबचं रबर गुंडाळलं, तेही तिच्या मुठीच्या मापानं. उभ्यानं ढकलत जायचं, पातं जमिनीखाली बोटभर चालत राहतं आणि दोन ओळींमधलं तण मुळापासून कापलं जातं. बैल नको, रॉकेल नको, नवं लोखंडसुद्धा नको. नाना अलीकडं तण जाळायचं औषध फवारायच्या गोष्टी करत होते. त्या औषधानं तणाबरोबर घोळ आणि तांदुळजाही जळाला असता, आणि निंदता निंदता ओच्यात गोळा केलेल्या त्याच भाजीवर सातही घरांची संध्याकाळ निघत असे. रंगनाथनं याचाही विचार केला होता. विचार करण्यात तो कमी पडला असं कुणी म्हणू नये.

कारखान्यात चहाच्या सुट्टीत त्यानं सोबत्यांना नकाशा दाखवला. "वस्तू माणसाच्या मापाची पाहिजे," तो म्हणाला, "माणसानं वस्तूच्या मापाचं का व्हावं?" वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की ते त्यानं घरी बायकोलाही ऐकवलं.

एसटीच्या कंडक्टरनं त्या अवजाराचं सामानाचं तिकीट फाडलं आणि ते निमवाडीत उतरलं. नवसाबाईनं मुठी धरल्या. एक ओळ गेली, परत आली. पदरानं कपाळ पुसलं आणि पुन्हा गेली. मागं तण मुळ्या वर करून पडलं होतं.

"कसं वाटतं?" रंगनाथनं विचारलं.

"पीक वरून दिसतं," ती म्हणाली. "चाळीस वर्सं झाली, मी निस्ती मुळं बघितली."

त्याला भरून आलं. तिथं बायांसमोर डोळे पुसणं बरं दिसेना म्हणून तो चाकाला तेल घालत बसला. फुलाबाईनं एक फेरी मारली, टोळीतल्याच चांगुणानं एक मारली. नाना बांधावरून खाली आले, पात्याला बोट लावून बघितलं आणि म्हणाले, "रंगनाथ, डोकं हाय बुवा तुझ्यात." मग त्यांनी अवजार नीट न्याहाळलं. जरा जास्तच वेळ न्याहाळलं, पण स्तुती ऐकणाऱ्याला तेवढं भान कुठलं असायला.

त्यानंतर कारखान्यात कामाची घाई लागली आणि दोन रविवार जाता आलं नाही. तिसऱ्या रविवारी तो निमवाडीला उतरला तेव्हा दिवस चांगला वर आला होता. शेतात असायच्या त्या बाया वस्तीतल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर बसल्या होत्या. कुणी तांदूळ निवडत होती, कुणी नुसतीच बसली होती.

"आज खाडा का?" त्यानं विचारलं.

नवसाबाई खाली बघत राहिली. फुलाबाईच बोलली.

"तुझ्या आईचं गुडघं वाचलं रं बाबा," ती म्हणाली. "आमच्या सगळ्यांचंच वाचलं. आठ दिस झालं, कुणालाच बसाया लागलं नाय."

तो तसाच शेताकडं गेला. नानांच्या रानात त्याचं कोळपं चाललं होतं. चालवत होता कारभारी, नानांचा सालदार, तिशीचा दणकट गडी. दांड्या त्याला बुटक्या पडत होत्या, म्हणून त्यानं त्यांना बाभळीचे दोन तुकडे तारेनं बांधून लांब केल्या होत्या. एवढं मापून कापलेल्या त्या दांड्या.

नाना रागावलेले नव्हते. त्यांनी रंगनाथला बसायला गोणपाट दिलं आणि समजावून सांगितलं. चाक आलं, दांडी आली, पातं आलं, म्हणजे ते कोळपं झालं. कोळपं म्हणजे औत. आणि औताला बाईनं हात लावायचा नसतो, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? पहिले दोन दिवस बायांनी चालवलं तर पारावर लोक हसायला लागले. पाऊस ओढ देईल म्हणून दोघातिघा म्हाताऱ्यांनी कुरकुर केली.

"मला सोताला काय वाटत नाय," नाना म्हणाले. "पर गावात ऱ्हायचं तर गावाचं ऐकावं लागतं. आन् खरं सांगू? कारभारी एकटा चार बायांचं उरकतो."

"मी ते आईसाठी केलं होतं, नाना. मी परत घेऊन जातो."

"ने की. तुझंच हाय." नाना प्रामाणिकपणे म्हणाले. "सिन्नरच्या लोहाराला दाखवलं हाय मी. त्यानं दोन बनवाया घेतलीत."

दोष द्यावा तर कुणाला, हेच त्याला उमजेना. औत म्हणजे काय आणि ते कुणाच्या हातात शोभतं, हे निमवाडीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तो स्वतः याच गावात चौदा वर्षं वाढला होता. नाशिकचा किंवा मुंबईचा कुणी साहेब चुकला असता तर नवल नव्हतं. पण तो चुकला होता, आणि ओझरला परत जाताना एसटीत त्याला स्वतःची लाज वाटत होती. नकाशात त्यानं आईची उंची लिहिली होती, मुठीचा घेर लिहिला होता, पात्याचा कोन लिहिला होता. वस्तू तयार झाल्यावर ती कुणाच्या हातात राहील, हे लिहायचं मात्र राहून गेलं होतं. कारखान्याच्या नकाशात त्याला रकानाच नसतो.

पाचव्या दिवशी त्याला एक गोष्ट सुचली. कोळप्यानं दोन ओळींच्या मधलं तण निघतं. पण ओळीतल्या दोन रोपांच्या मधलं, बुडाशी लागलेलं तण कोळप्याला कधीच निघत नाही. ते हातानंच काढावं लागतं, खाली बसून, खुरप्यानं. म्हणजे नाना आज ना उद्या बायांना बोलावणार. आणि खाली बसायचं असेल तर आईला काहीतरी असं हवं, की जे कुठल्याही पुरुषाला हातातसुद्धा धरावंसं वाटणार नाही.

त्यानं खोक्याच्या फळीचा वीतभर पाट केला, खाली आखूड जाड ठोकळा लावला, वर भाताच्या पेंढ्याची गादी शिवली आणि दोन्ही बाजूंनी कापडी पट्टे घेतले. पाट कमरेला मागं बांधायचा. बाई उठली की तो तिच्याबरोबर उठतो, बसली की तिच्याखाली येतो. गुडघे पुरे दुमडावे लागत नाहीत आणि पुढं सरकताना हात मोकळे राहतात. दिसायला ती वस्तू अगदीच बावळट होती. रंगनाथनं मुद्दाम तिला लाल फुलांचं चिटाचं कापड लावलं.

रविवारी त्यानं ती आधी कारभारीला दिली. "बांधून बघ बरं," तो म्हणाला.

कारभारीनं ती उलटीसुलटी केली, काय असेल ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो पोट धरून हसला. "काय राव," तो म्हणाला, "मी काय मागं शेपूट बांधून फिरू? बायांचं हाय ते." आणि त्यानं ती झटकून परत दिली. आपण केलेली वस्तू माणसानं नाकारली म्हणून रंगनाथला आनंद झाल्याची ही पहिलीच वेळ. त्याच्या मनावरचं मणभर ओझं उतरलं.

नवसाबाईनं पाट बांधला आणि घराच्या मागच्या वाफ्यात बसून बघितलं. पुढं सरकली, मागं सरकली, उठली. उठताना जमिनीवर हात टेकावा लागला नाही. दुपारभर तिनं तो सोडलाच नाही.

नानांचं बोलावणं त्याच संध्याकाळी आलं. रंगनाथ एक दिवसाची रजा टाकायची ठरवून मुक्कामाला राहिला. आपली वस्तू कामाला लागलेली त्याला डोळ्यांनी बघायची होती. सकाळी सातहीजणी खुरपी घेऊन बांधावर उभ्या राहिल्या. नवसाबाईच्या कमरेला मागं तो लाल फुलांचा पाट होता आणि बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. नानांनी तिला एक ओळ काढायला लावली. ती सरसर पुढं गेली. दोन वर्षांत तिला इतकं झपाट्यानं निंदताना कुणी पाहिलं नव्हतं.

"कोळपं फिरलंय, आता तिघीच पुऱ्या," नाना म्हणाले. त्यांनी बोट केलं. "नवसाबाई, तुम्ही. चांगुणा. आन् चिमणाबाई. बाकीच्यांनी पुढच्या पेरणीला या."

रंगनाथनं श्वास सोडला. आईचं काम वाचलं होतं. टोळीत सगळ्यांत मागं पडणारी बाई आज सगळ्यांत आधी निवडली गेली होती. फुलाबाईनं खुरपं कमरेला खोचलं आणि ती वस्तीकडं वळली. तिनं ना नवसाबाईकडं बघितलं, ना रंगनाथकडं.

नवसाबाई उठली. कमरेचे पट्टे सोडले आणि फुलाबाईला हाक मारली.

"फुले, ये. आज तू बस," ती म्हणाली. "नाना, माझ्या जागी ही. उद्या मी. परवा दुसरी कोण. पाळी लावू आम्ही."

"आगं, पर मी तुला घेतलंय," नाना म्हणाले.

"तुमाला तिघी पायजेल. तिघी मिळतील." नवसाबाई पाटाचे पट्टे फुलाबाईच्या कमरेला बांधायला लागली. फुलाबाई जाड अंगाची होती. पट्टे पुरेनात.

नाना मग "लावा काय लावायचं ते" म्हणून निघून गेले. तिघी रानात उतरल्या. फुलाबाईनं पाट हातातच घेतला होता. तो खाली टाकून ती त्याच्यावर बसली, आणि पुढं सरकायचं झालं की उचलून पुन्हा पुढं ठेवायची.

नवसाबाई बांधावर बसली. रंगनाथ तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला. त्याला राग आला होता आणि रडूही येत होतं.

"आई, आता आठवड्यातनं तीन दिवससुद्धा तुला काम मिळायचं नाही," तो म्हणाला. "ते मी तुझ्यासाठी केलं होतं."

"माझ्यासाठी केलंस म्हणून तर चुकलं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "माझी पात मागं पडायची तवा फुलीनं ओढली. एक वर्सं नाय, दोन वर्सं. आम्ही सातजणी हाय, रंगनाथ. तुला कायम एकच दिसली."

पुढं रानात तिघी एका ओळीत सरकत होत्या. फुलाबाई जरा मागं राहिली होती. तेव्हा चिमणाबाईनं हात लांब करून तिच्या ओळीतली दोन रोपं निंदून टाकली. रंगनाथनं ते बघितलं. मग तो बांधावरून उतरून वस्तीकडं चालू लागला. परतलेल्या तिघी नुकत्याच ओट्यावर जाऊन बसल्या असतील आणि त्यांच्यासमोर जाऊन काय बोलायचं, हे त्याला अजून ठरवायचं होतं.