एका हाताचं भांडं

लातूरच्या भांड्यांच्या दुकानात सौदामिनीबाई शिरल्या त्या उजवा हात पदराखाली घेऊनच. अर्धांगाचा झटका येऊन गेल्याला पाच महिने झाले होते. चालणं-बोलणं पूर्ववत झालं, तेवढी उजव्या हाताची पकड परत आली नव्हती. आणि नेमकं तेच मुलाला, अनिमेषला, कळू द्यायचं नव्हतं.

पण परवा खिरीचं भगुणं शेगडीवरून फरशीवर आलं आणि आवाज ऐकून तो धावत आला. निलंग्याच्या घराला कुलूप लावायचं, आईला पुण्याला न्यायचं, असं त्याने तिथेच ठरवलं. पोरगा वाईट नव्हता हो, पण ठरवलं की बापावर जायचा. बाईंनी फार विनवलं तेव्हा म्हणाला, "लातूरला गाडीआधी वेळ आहे. तुला उचलवेल असं भांडं दाखव, तुझं तिकीट रद्द करतो. चार वाजेपर्यंत करता येतं."

आता सव्वातीन झाले होते. दोघांच्या बॅगा दुकानाच्या पायरीवर होत्या.

दुकानदार ईश्वरप्पांनी स्टीलचं भगुणं पुढे केलं. "बाई, हे लई हलकं हाय."

बाईंची नजर मात्र खालच्या फळीवर होती. "ते निळं दाखवा."

"ते बिडाचं हाय. वरून इनॅमल. झाकणासकट पाच किलो भरतं."

"आई!" अनिमेष म्हणाला.

बाईंनी ऐकलंच नाही. "अंबाडीची भाजी काळी पडेल का यात?"

"न्हाई. इनॅमल शाबूत हाय तोवर आंबट काय बी शिजवा."

तसलंच परदेशी भांडं नऊ हजारांचं होतं, हे बावीसशेचं. "नऊ हजारांत जास्तीचं काय?" बाईंनी विचारलं.

"रंग जरा जास्त चमकतो. भाजी तीच व्हती."

ईश्वरप्पांनी तसली दोन निळी भांडी काउंटरवर ठेवली. बाईंनी डाव्या अंगठ्याने कड चाचपली. एकाच्या काठाचा टवका उडाला होता, ते बाजूला सारलं. दुसरं आतून नितळ होतं, झाकणही नीट बसत होतं.

"उचल," अनिमेष म्हणाला.

बाईंनी उजवा हात पदराबाहेर काढला. दोन्ही कान धरून जोर लावला. भांडं बोटभर वर आलं, उजवी बोटं उघडली आणि ते दाणकन काउंटरवर आदळलं. ईश्वरप्पांनी घाईघाईने इनॅमल तपासलं.

"झालं. चल," म्हणत अनिमेषने बॅग उचलली.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही आला. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत पोरांचे पेपर तपासले होते. आज पोटच्या पोराने दोन मिनिटांत नापास केलं.

"थांब," त्या म्हणाल्या.

पुण्याला न्यायला म्हणून त्याने बांधायला लावलेली तूरडाळ त्यांनी पिशवीतून काढली. ते हलकं भगुणं दुकानात विकायला ठेवलेल्या शेगडीवर ठेवून डाळ त्यात ओतली. "ही पळी घे. एक हात पाठीमागं. ढवळ."

"आई, उशीर होतोय."

"ढवळ!"

तो ढवळू लागला. पळीबरोबर भगुणंही गरगर फिरू लागलं. त्याने जोर केला तसं ते कलंडत कडेला आलं आणि पाठीमागचा हात आपसूक पुढे येऊन त्याने काठ धरला.

"शेगडी पेटलेली असती तर भाजलं असतं आता," बाई म्हणाल्या. "परवा माझं हेच झालं. उचलताना न्हाई सुटलं ते, ढवळताना गेलं. हलकं भांडं धरायला दुसरा हात लागतो. तो माझ्याकडं राहिला न्हाई."

पाच महिन्यांत हे त्या पहिल्यांदाच कुणापाशी बोलल्या होत्या.

मग त्यांनी त्याला डाळ निळ्या भांड्यात ओतायला लावली. त्याने एका हाताने ढवळलं. जोर लावून ढवळलं. भांडं जागचं हललं नाही.

"आणि उचलणार कसं?"

"उचलायचं कशाला? शेगडीवरच राहील. वाढायला पळी आहे. साखराबाई भांड्याला येते, ती धुऊन परत ठेवील."

अनिमेष खाली बघून कोरडी डाळ ढवळतच राहिला. चारला दहा कमी होते. ईश्वरप्पांनी सवयीने नाव कोरायचं मशीन ओढलं. "नाव-गाव काय घालू? पण ह्याच्यावर न्हाई जमायचं, सुई लागली की इनॅमल उडतं. पळीवर घालतो."

बाईंनी अनिमेषकडे पाहिलं. नाव त्यांना सांगता आलं असतं, गाव सांगणं त्यांच्या हातात नव्हतं.

अनिमेषने पळी पुसून पुढे केली. "सौदामिनी घाला."

सुई कुरकुरली. "अन् गाव?"

तो मोबाईलवर काहीतरी दाबत होता. ते होईपर्यंत त्याने मान वर केली नाही.

"निलंगा," तो म्हणाला.