इन्सुलिनला पाय फुटले

सरकारी दवाखान्याच्या औषध भांडारात इन्सुलिनला पाय फुटले होते. भांडार सांभाळणाऱ्या बाई कुप्या मोजून द्यायच्या, आणि आठवडा संपायच्या आत वॉर्डावॉर्डातून निरोप यायचा, इन्सुलिन संपलं, आणखी पाठवा. पेशंट तेवढेच, डोस तेवढेच, मग जातं कुठं? कुठंतरी पाणी मुरत होतं, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

बाई मुळातच संशयी. वॉर्डाने दहा कुप्या मागितल्या की त्या पाच द्यायच्या. लोक वाढवूनच मागतात, यावर त्यांचा देवावर नसेल एवढा विश्वास. पाठीमागे सगळे त्यांना कात्रीबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

आता भांडार आणि वॉर्ड यांच्यामध्ये माणूस एकच, बर्फाची पेटी घेऊन कुप्या पोचवणारा फार्मासिस्ट. आणि तो कोण, तर बाईंच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा नवरा. आली का पंचाईत!

"ताई, आजपण कमीच?" भावोजी पेटी भरताना हसून विचारायचे. बाईंना वाटायचं, यात हसण्यासारखं काय आहे? त्यात त्यांच्या घरी नवा फ्रीज आला, चांगला उंचापुरा. तीन माणसांना एवढं धूड कशाला? बाई चहाच्या निमित्ताने गेल्या आणि गार पाणी घेते म्हणत फ्रीजमध्ये कोपऱ्यापर्यंत नजर फिरवून आल्या. भाजी, दूध, उरलेला भात. दुसऱ्या कुणाचं समाधान झालं असतं. बाई म्हणाल्या, माल परस्पर विकत असणार, घरात कोण ठेवतंय.

बहिणीच्या संसाराचं काय होईल या विचाराने त्यांचा जीव तुटत होता. तरी एका सकाळी त्यांनी मोठ्या डॉक्टरांच्या कानावर घातलंच. दुपारी भावोजींच्या हातातून पेटी काढून घेतली, चौकशी लागली, आणि दवाखानाभर कुजबुज झाली. भावोजी कुणाशी वाद न घालता घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पेटी बाईंनीच उचलली. बायकांच्या वॉर्डात सिस्टर पेशंटपाशी होती, म्हणून त्यांनी स्वतःच फ्रीज उघडला. वरच्या बर्फाच्या कप्प्यात हातमोज्यांचं खोकं दिसलं. हातमोजे कुणी बर्फात ठेवतं का? खोकं कुप्यांनी भरलेलं होतं, सगळ्या गोठून दगड झालेल्या. गोठलेलं इन्सुलिन फेकून देण्याच्याच लायकीचं.

"हे काय?"

सिस्टरने मान खाली घातली. "तुम्ही निम्मंच देता, बाई. संपलं तर पेशंटला काय सांगू? म्हणून संपायच्या आधीच संपलं म्हणायचं आणि अडीअडचणीला बाजूला ठेवायचं. खाली ठेवलं तर दुसऱ्या पाळीवाल्या वापरून टाकतात."

"गोठवलंस तू."

"हे ध्यानातच आलं नाही. सगळेच वॉर्ड ठेवतात."

बाई सगळे वॉर्ड फिरल्या. प्रत्येक फ्रीजमध्ये काही ना काही दडवलेलं निघालं, कुठं गोठलेलं, कुठं मुदत उलटलेलं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तडक मोठ्या डॉक्टरांना सांगून चौकशी थांबवली आणि संध्याकाळी बहिणीचं घर गाठलं.

बहिणीने चहा ठेवला. भावोजी आतल्या खोलीतून बाहेर आलेच नाहीत. बाईंनी अडखळत सगळं सांगितलं, चुकलं माझं, असंही म्हणाल्या. बहीण म्हणाली, "ताई, एकदा त्यांना विचारायचंस ना. निदान मला."

"विचारलं असतं तर ते सावध झाले असते," बाई बोलून गेल्या.

बोलल्यावर त्यांनी जीभ चावली. बहिणीने त्यांच्याकडे बघितलं, अजून न उष्टावलेला कप त्यांच्यापुढून उचलला आणि आत घेऊन गेली.